संत्र्याची पहिली फोड

आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या तोंडावरची, संत्री गाड्यांवर दिसायला लागली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझा घसा कोरडा पडतो. हुडकेश्वरच्या चौकात संध्याकाळी गाडीवाला बल्ब लावून संत्र्यांची उतरंड रचत असतो, हवेत नुकता कुठे गारवा आलेला असतो, सालीचा तो तिखट-गोड वास रस्ताभर पसरलेला असतो, आणि मी पिशवी घेऊन उभी असते. "घ्या काकू, साखर हाय साखर," तो म्हणतो. नागपूरची बाई संत्रं घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जात नाही. मी एक उचलते, अंगठ्यानं दाबते, देठाकडून वास घेते, खाली ठेवते, दुसरं उचलते.

परवा असंच चाललं होतं, तेवढ्यात त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "काकू, कबड्डीत माइकवर तुमीच बोलत होत्या नं? आवाजावरून वळखलं. काय टीम होती गड्या आपली! एका शब्दापायी गेली."

"शब्द कोणाचा होता?" मी विचारलं.

"मालकाचाच म्हना. पण त्या पोरीनं जरासं गिळून घेतलं असतं तर आज टीम इथंच राहिली असती."

मी निवडलेली चारही संत्री एकेक करून परत उतरंडीवर ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले. आमच्या ह्यांनी विचारलं, "संत्री?" म्हटलं, "आंबट होती." चाखलीसुद्धा नव्हती. पण गाडीवाल्याचा राग नवऱ्यावर काढायची सोय संसारात असते, ती मी वापरली.

तो सीझन असा अंगावर येतो. मैदानावर नाही, टीव्हीवर नाही, तर भाजी आणायला निघाले की.

मी कॉलेजात कबड्डी खेळले, बरी खेळले, मग विमा कचेरीत लागले आणि पोट सुटलं. खेळ सुटला तरी आवाज राहिला. स्थानिक सामन्यांना कोणीतरी माइकवर बोलायला हवं असायचं, आणि कचेरीत माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर जातो अशी ख्याती होती. त्यामुळे नागपुरात जेव्हा मुलींची व्यावसायिक टीम निघाली, 'नागपूर नारंगी' नावाची, तेव्हा घरच्या सामन्यांना निवेदक म्हणून मीच बसले. टिनाच्या छताचं क्रीडागृह, मधोमध मॅट, बाजूला माझं टेबल, टेबलाशेजारी मालकांचा सोफा.

माझं साउंडचं सामान जुनं होतं. माइक बंद करून पुन्हा चालू केला की भोंग्यांतून धडाम असा आवाज यायचा, खेळाडू दचकायच्या. म्हणून मी तो सामना संपेपर्यंत बंदच करत नसे. चढाई सुरू झाली की निवेदकानं गप्प बसायचं हा आमच्याकडचा शिरस्ता. खेळाडू पलीकडच्या अंगणात 'कबड्डी कबड्डी' म्हणत असते, तो दम पंचाला ऐकू यायला हवा. तेवढा वेळ मी माइक घडी घातलेल्या नॅपकिनवर आडवा ठेवायचे. टीममधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. माइक झोपला तरी जागा असतो, असं पोरी चेष्टेनं म्हणायच्या.

टीमचा मालक संत्र्यांचा बागाईतदार, शिवाय शहरात इमारती बांधायचा. सगळे त्याला नुसतं 'मालक' म्हणत. वाईट माणूस वाटायचा नाही, हे आधीच सांगते. पोरींची नावं पाठ, कोणाला लागलं तर स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे, दिवाळीला प्रत्येकीच्या घरी फराळ. फोडीची पद्धतही त्यानंच काढलेली. 'कबड्डी' म्हणून म्हणून घसा सुकतो, पाणी ढोसलं तर पोट जड होतं, म्हणून मध्यंतरात कप्तानानं संत्रं सोलायचं आणि प्रत्येकीच्या तोंडात आपल्या हातानं एक फोड घालायची. संत्री मालकाच्या बागेतली. आणि घरच्या प्रत्येक सामन्याला पहिली फोड मालकाला. तो सोफ्यावरून पुढे वाकायचा, लहान मुलासारखा आ करायचा, कप्तान फोड घालायची, फोटोवाले फोटो काढायचे, आणि छताखालचं अख्खं पब्लिक हसायचं. मला ती पद्धत फार आवडायची. टीम म्हणजे पगार आणि जर्सी एवढंच नसतं, कोणाच्या तरी हातचं खाणंही असतं, असं वाटायचं.

जुनी कप्तान लग्न होऊन गेली आणि प्रज्ञा कप्तान झाली.

प्रज्ञा उत्तर नागपूरची, जरीपटक्याच्या अलीकडच्या वस्तीतली. तिच्या आजोबा-आजींनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. आजी नव्वदीला टेकली तरी दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर जायचीच. प्रज्ञा अंगानं किरकोळ, बोलणं कमी, पण चढाईला गेली की समोरच्या सात जणींना वाटायचं, ही उभी आहे तिथं नाहीच. पाठीमागून कोणी पाय टाकला तर न वळता कळायचं तिला. मी एकदा विचारलं होतं, "तुला मागं डोळे आहेत का वं?" ती म्हणाली, "डोळे नाई काकू, कान."

त्या सीझनचा घरचा पहिला सामना. मध्यंतर झालं. प्रज्ञानं संत्रं सोललं, सालीचा तुषार माझ्या टेबलापर्यंत आला. ती फोड घेऊन मालकापुढे आली. तो पुढे वाकला नाही. हात पुढे केला. "आज उपवास आहे बेटा," म्हणाला आणि फोड तळहातावर घेतली. फोटोवाल्यांनी तसाच फोटो काढला.

आता मी उपवास करणाऱ्या घरात वाढले. साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, भगर, आणि फळं तर हवी तेवढी. उपवासाला संत्रं चालत नाही हे मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, तेही संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून. खोटं बोलणाऱ्यानं निदान आपल्या धंद्याला धरून तरी बोलावं. मी तिरप्या नजरेनं पाहत राहिले. त्यानं फोड रुमालात गुंडाळली, रुमाल सोफ्याच्या पायाशी सोडला आणि खिशातला दुसरा रुमाल काढून हात पुसला. नीट, बोटांच्या मधल्या जागासुद्धा.

प्रज्ञा तोवर पाठमोरी झाली होती. तिनं ते पाहिलं की नाही, हे मला कळलं नाही. एवढं दिसलं की त्यानंतर रोशनीच्या तोंडात फोड घालताना तिचा हात थांबला, आणि रोशनीनंच तिचं मनगट धरून फोड तोंडात ओढली. रोशनी भिवापूरची, टीममधली सगळ्यात धाकटी. गावाहून येताना सगळ्यांसाठी लाल मिरच्यांच्या पुड्या आणायची आणि खोलीत सगळ्यांना शिंकायला लावायची. प्रज्ञावर तिचा भारी जीव.

पुढच्या सामन्याला मालक म्हणाला, शुगर वाढली आहे. मग एका सामन्याला तो मध्यंतरातच फोनवर बोलत बाहेर गेला. थंडी वाढत होती. सकाळी अंगणात धुकं उतरायचं, कचेरीत बायका उन्हाच्या तुकड्यात संत्री सोलत बसायच्या, आणि मी प्रत्येक घरच्या सामन्याला फोडीच्या वेळी सोफ्याकडे बघत राहायचे. आपल्याला जे दिसतंय ते खरंच आहे का, की आपण उगीच राईचा पर्वत करतोय? आमच्या घरात असलं काही नव्हतं, असं आम्ही सगळेच म्हणतो. मालकालाही कोणी विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

घरचा शेवटचा सामना. क्रीडागृह खच्चून भरलं होतं, टीव्हीवाले आले होते. मध्यंतराला थोडा वेळ उरला असताना प्रज्ञा चढाईला निघाली. मी माइक नॅपकिनवर आडवा ठेवला. तिनं मध्यरेषेला बोटं टेकवून कपाळाला लावली आणि पलीकडे पाय टाकला. कबड्डी कबड्डी कबड्डी.

तेवढ्यात टीमचा मॅनेजर वासुदेव वाकून सोफ्यापाशी आला. "मालक, टीव्हीवाले म्हणून राहिले का मध्यंतरात फोडीचा फोटो पाहिजे. आज शेवटची मॅच आहे."

"राहू दे बे फोटो," मालक म्हणाला. "मागं उपवास सांगितला, मग शुगर सांगितली, आता काय सांगू? तिच्या हातचं तोंडात घालू का मी? आमच्या घरी त्याईले ओट्यावर चढू देत नाई. खेळून राहिली, पगार घेऊन राहिली, बस झालं नं. तोंडापर्यंत काहून आणता?"

आणि शेवटी जातीचा तो शब्द, जो मी इथं लिहिणार नाही.

तो शेजारच्या वासुदेवाशी बोलत होता. आवाज मात्र टिनाच्या छतातून आला. चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून, घुमत, माझ्या आवाजाची सवय असलेल्या पब्लिकच्या कानांत. माझा हात माइककडे गेला तोवर वाक्य संपलं होतं.

एवढं भरलेलं क्रीडागृह इतकं गप्प झालेलं मी कधी ऐकलं नाही. आणि त्या शांततेत एकच आवाज चालू होता. कबड्डी कबड्डी कबड्डी.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाईत दम सोडता येत नाही. एक दुसरा शब्द तोंडातून निघाला, हुंदका जरी आला, तरी खेळाडू बाद. तिनं ऐकलं होतं. मला तिचा चेहरा समोरून दिसत होता. ओठ त्याच शब्दावर हलत होते आणि मान ताठ झाली होती. ती शत्रूच्या अंगणात एकटी उभी होती आणि तिला शिवी दिली होती तिच्याच बाजूच्या माणसानं. समोरच्या सातही पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणी पकड करायला सरसावली नाही. त्यांनी हात खाली सोडले होते. तिला वाटलं असतं तर चालत चालत सगळ्यांना शिवून आली असती.

तिनं कोणाला शिवलं नाही. ती मागे वळली, कबड्डी कबड्डी म्हणत सावकाश चालत आली, मध्यरेषा ओलांडली आणि मग गप्प झाली. पंचानं चढाई रिकामी गेल्याची खूण केली.

मध्यंतरात मालकाच्या बागेतली संत्र्यांची पेटी तशीच बंद राहिली. वासुदेव मिनतवाऱ्या करत होता. रोशनी म्हणाली, "दीदी, नाई खेळायचं." प्रज्ञानं पायाची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि म्हणाली, "खेळू. मॅट त्याची नाई." कोरड्या घशानं खेळल्या आणि जिंकल्या. मालक कधी उठून गेला ते कोणी पाहिलं नाही. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, पण कोणाला वाजवायच्या आणि कशाला, ते कळत नसल्यासारख्या.

मी घरी पोचायच्या आत तो आवाज शहरभराच्या मोबाइलांत पोचला होता. पोलिसांत तक्रार झाली, ती वेगळी. ती अजून चालू आहे. लीगच्या समितीनं चौकशी लावली. आरोप खरा ठरला तर मालकाला टीम विकावी लागणार, नाही ठरला तर समज देऊन सोडणार. आणि लगेच शहरात एक चमत्कार झाला. ज्यांनी ऐकलं होतं त्यांचे कान बिघडले. "टिनाचं छत आहे, घुमते." "मोबाइलमधलं काय, आजकाल काहीही बनवता येते." "ओटा म्हणाला का फोटो म्हणाला, कोण सांगणार?" सामन्याच्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या एका भल्या गृहस्थांनी मला बाजारात सांगितलं की नेमका त्याच वेळी त्यांना ठसका लागला होता. म्हटलं, तुमचा ठसका तर भोंग्यांतून आला नाही.

वासुदेव माझ्या घरी आला. चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर घालत. मग म्हणाला, "काकू, तुमी एवढंच सांगा का माइक खराब होता. खरखर होती. शब्द लागत नव्हते."

"माझा माइक जुना आहे, खोटा नाही," मी म्हटलं. "तुझ्या मालकापेक्षा सरळ आहे तो."

"काकू, टीम गेली तर नागपुरात कोण घेणार आहे? मुंबईवाले घेतीन नाईतर आणखी कोणी. पोरी कुठं जातीन? तुमाले त्या पोरींचं काई वाटत नाई का?"

तो धूर्त होता, पण खोटं बोलत नव्हता. तेच तर जड होतं. समितीला मालकाविरुद्ध प्रज्ञाचीच साक्ष हवी होती. अपमान जिचा झाला तिनं ऐकलंच नाही म्हटलं, तर बाकीच्यांच्या ऐकण्याला काय किंमत? आणि तिच्यासाठी पळवाट तयार होती, गुळगुळीत, कोणालाही पटेल अशी: चढाई चालू होती, दम धरला होता, लक्ष समोर होतं, काही ऐकू आलं नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी सरावाला गेले. क्रीडागृहाचे पंखे बंद, उन्हाचे पट्टे मॅटवर आडवे पडलेले. प्रज्ञा भिंतीला टेकून बसली होती. रोशनी तिच्या पुढ्यात उकिडवी बसून बोलत होती. मी आलेली पाहूनही ती थांबली नाही.

"दीदी, फक्त ऐकू नाई आलं म्हना नं. खोटं थोडंच हाय? दम चालूच होता तुमचा. टीम गेली का मले घरी बोलावतीन, अन् घरी पोरगा पाहून ठेवला हाय. बाबा म्हनते, टीम हाय तवरक खेळ. दीदी, मी तुमाले माफी मागा म्हनून नाई राहिली. त्याले माफ करा म्हनून बी नाई राहिली. फक्त ऐकू नाई आलं म्हना."

ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. हिशेब मांडल्यासारखी बोलत होती. प्रज्ञानं तिच्या केसांत अडकलेला कापसाचा तंतू काढला, बोटांत फिरवला आणि सोडून दिला.

मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, तुमी काय सांगणार?"

"जे ऐकलं ते."

"हो," ती म्हणाली. "तुमचं त्यात काई जात नाई."

ती टोचून बोलत नव्हती. खरं होतं ते. मी जे ऐकलं ते सांगून घरी येणार होते, आमटीला फोडणी घालणार होते, दुसऱ्या दिवशी कचेरीत जाणार होते.

चौकशी एका हॉटेलच्या खोलीत झाली. एसी इतका गार की बाहेरच्या थंडीतून आत आल्यावरही शाल घट्ट करावी लागली. लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, आणि वाडग्यात, कोणाच्या डोक्यातून आलं होतं देव जाणे, संत्री. मालक एका टोकाला बसला होता. वकील शेजारी. मालकानं सांगितलं, आपण फक्त न धुतलेल्या हातांबद्दल बोललो. मला आधी बोलावलं. मी शब्दन् शब्द सांगितला, तोही, जो इथं लिहिला नाही. सांगताना माझी जीभ अडखळली. मला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि प्रज्ञाला आत बोलावलं.

समितीचे अध्यक्ष म्हातारे होते, मऊ बोलणारे. त्यांनी ती पळवाट स्वतःच पुढे केली. "हे बघ बेटा, मी स्वतः खेळलोय. चढाईत माणसाचं सगळं ध्यान समोर असतं. तुला तेव्हा शब्द नीट ऐकू आले असतील असं मला वाटत नाही. तू काय म्हणतेस?"

खोलीचं दार पूर्ण लागलेलं नव्हतं. फटीतून बाहेरच्या बाकावरचा रोशनीचा गुडघा दिसत होता, सारखा हलणारा. प्रज्ञालाही दिसत असणार. वकिलानं पेन खाली ठेवलं. मालक पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या नजरेत दरडावणी नव्हती, विनवणी होती. घे बेटा, सोपं आहे, म्हण. मी शालीचं टोक मुठीत धरलं होतं. ती 'नाही आलं' म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. आणि तरी मी मनात म्हणत होते, म्हण पोरी, ऐकलं म्हण. काही न गमावणाऱ्या बाईची ती प्रार्थना होती.

"सर," प्रज्ञा म्हणाली, "चढाईत आमचं तोंड एका शब्दात अडकलेलं असते. कान मोकळे असतात. मागून कोण सरकली ते मले कानानंच कळते. मी ऐकलं. समदं ऐकलं. पहिल्या मॅचले रुमालात फोड बांधली तेबी पाहिलं होतं. चढाईत बोलली असती तर बाद झाली असती, म्हणून आता बोलून राहिली."

बाहेरचा गुडघा हलायचा थांबला.

मालकाला टीम विकायला लावली. पेपरांनी मोठ्या अक्षरांत छापलं, चौकात फटाके वाजले, कोणी कोणी पेढेही वाटले. मग विकत घ्यायची वेळ आली तेव्हा गाव गप्प. नागपुरात पैसेवाल्यांची काही वाण नाही, पण ते सगळे लग्नाकार्यात एकमेकांच्या पंगतीला बसणारे. मालकाच्या हातून निघालेली टीम घेऊन त्याच्या डोळ्यांवर कोण येणार? शेवटी समुद्राकाठच्या एका शहरातल्या कंपनीनं ती घेतली. नाव बदललं, नारंगी रंग गेला. मालकाला म्हणे सौद्यात फायदाच झाला. शिक्षा त्याला झाली आणि टीम आमची गेली.

नव्या लोकांनी सगळ्या पोरी ठेवल्या, प्रज्ञा सोडून. कारण सांगितलं गुडघ्याचं. तिचा गुडघा माझ्यापेक्षा बरा आहे. खरं कारण कोणी उच्चारलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं: ही पोरगी ऐकते, आणि ऐकलेलं सांगते. असली खेळाडू कोणाला हवी असते?

रोशनी त्या टीमबरोबर गेली. घरी पाहून ठेवलेला पोरगा दुसरीला मिळाला. जाताना स्टेशनवर तिनं प्रज्ञाच्या हातात मिरच्यांची पुडी कोंबली आणि मान वर न करता डब्यात चढली. आता ती टीव्हीवर दिसते, निळ्या जर्सीत, छान पकड करते. मध्यंतरात त्या पोरी बाटलीतून कसलंसं रंगीत पाणी पितात. एकदा तिनं प्रज्ञाला फोन केला होता. "दीदी, इकडं ज्याची त्याची बाटली हाय," एवढंच सांगून तिनं फोन ठेवला, असं प्रज्ञानं मला सांगितलं.

मी विचार करत राहते. गाडीवाला म्हणतो गिळून घ्यायला हवं होतं. गिळायचं किती आणि कोणी, हे ठरवणारे नेहमी ज्यांच्या ताटात ते वाढलेलं नसतं तेच असतात. पण एक खोटी गोष्ट मी स्वतःलाही सांगत नाही. प्रज्ञा खरं बोलली म्हणून सगळं चांगलं झालं, असं झालेलं नाही. ती खेळायची, आता खेळत नाही. एवढा तिचा दम, आणि तो आता टीव्हीवर कोणाला ऐकू येत नाही. याचा मला राग येतो, आणि संत्र्याच्या वासाबरोबर दर वर्षी नव्यानं येतो.

गाडीवाल्यावर रुसून आले त्याच आठवड्यातल्या रविवारी मी उत्तर नागपुरात गेले. जरीपटक्याच्या बाजारातून रिक्षा वाट काढत निघाली की पुढे एक उघडं मैदान लागतं. तिथं प्रज्ञा वस्तीतल्या पोरींना शिकवते. मॅट नाही, माती आहे. मी तिथं फुकट बोलते, तोच माइक, तोच नॅपकिन. कडुलिंबाच्या झाडाला एक भोंगा टांगलेला असतो. त्या दिवशी पोरींचे आपापसातले सामने होते. प्रज्ञा रेषेवर उभी राहून ओरडत होती, "दम सोडू नको वं! कान कुठं हायत तुये? मागं पाय वाजला, ऐकला नाई?"

मध्यंतर झालं. मातीनं माखलेल्या पोरी रांगेत बसल्या. प्रज्ञानं संत्रं सोललं आणि एकेकीच्या तोंडात फोड घालत गेली. मी पाहत होते. शेवटची पोर झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. आजवर फोड घेऊन ती कधी माझ्याकडे आली नव्हती. तिनं फोड पुढे धरली.

मी आ केला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही. फोड तोंडात गेली, मी डोळे मिटून चावायला लागले, देवळातला प्रसाद चावावा तशी, आणि तिनं ते बरोबर हेरलं.

"काकू," ती म्हणाली, "संत्रं म्हणून खाऊन राहिल्या, का माह्या हातचं म्हणून?"

मी डोळे उघडले. ती बघत होती, चढाईत बघायची तशी, माझा कुठला पाय हलतो ते. मग पहिल्यांदाच मी तोंडातल्या संत्र्याकडे लक्ष दिलं, आणि माझा एक डोळा आपोआप बारीक झाला.

"आंबट आहे वं!" मी म्हटलं. "कुठून उचललंस हे?"

माइक नॅपकिनवर झोपला होता, म्हणजे जागाच होता. लिंबावरच्या भोंग्यातून ते मैदानभर गेलं. पोरी मातीत लोळून हसायला लागल्या, कारण सगळ्यांनी तेच संत्रं निमूटपणे गिळलं होतं. एकजण ओरडली, "दीदी, आमालेबी आंबटच लागलं होतं!"

प्रज्ञा हसली. त्या सीझननंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "मंग बोलायचं नं वं," ती पोरींना म्हणाली, "गिळून काहून घेतलं?" उरलेलं संत्रं तिनं माझ्या पुढ्यात ठेवलं, तळहात पँटला पुसले आणि शिट्टी तोंडात धरून रेषेकडे गेली.